होज पाइपावरचं बँडेज

...रबराच्या पट्टीचं टोक नखाला लागलं आणि ओढल्यावर सुटत गेलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, रेडिएटरच्या वरच्या होज पाइपाला गच्च आवळलेली. ही आपण बांधलेली नाही, हे राधाकृष्णाला बघताक्षणीच कळलं. दर फाल्गुनात, ऊन तापायच्या आधी, तो गाडीचे दोन्ही होज पाइप बदलायचा — धडधाकट दिसत असले तरी बदलायचा, दाबून बघायचा, आत बोट घालून पोपडे चाचपायचा, आणि यंदाच्या दुष्काळातसुद्धा रेडिएटरसाठी गाळलेल्या पाण्याची कळशी स्वयंपाकघराच्या नजरेपासून राखून ठेवायचा. घरात बाकी कुणाला यातलं काही पटत नव्हतं. पाणी गळत नाही ना, मग पाइप चांगला, झालं! भिंगारच्या त्या घरात गाडी थोरल्या भावाची, आप्पासाहेबांची, म्हणजे दादांची. तिची दुखणीखुपणी तेवढी राधाकृष्णाच्या वाट्याची.

ट्यूबखाली दवाखान्यातली चिकटपट्टी निघाली. तिच्याखाली बँडेज. आणि इथं त्याचा हात थांबला, कारण ते नुसतं गुंडाळलेलं नव्हतं. प्रत्येक वेढ्याला मधोमध एक उलटी घडी होती, एकीखाली एक, सरळ रेषेत, वेणी घातल्यासारखी... ही घडी त्याच्याच हातावर शिकली गेली होती. कला, त्याची धाकटी बहीण, नर्सिंगला होती तेव्हा सुट्टीत आली की म्हणायची, "भाऊ, हात कर पुढं," आणि मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळत यायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची, आणि घडी रेषेतून हुकली की स्वतःवर चिडून चिमटा मात्र त्याला काढायची. शेवटचं टोक दुभंगून त्याचीच गाठ मारायची खोडही तीच. तीच गाठ आता त्याच्या अंगठ्याखाली होती, तेलकट झालेली.

म्हणजे गाडी राजूरला गेली होती.

राजूरला — जिथं कलानं शाळेतल्या एका मास्तरशी लग्न करून बिऱ्हाड थाटलं होतं, आणि मास्तर बौद्ध म्हणून दादांनी ओट्यावर उभं राहून सगळ्या भावकीदेखत सांगितलं होतं, आजपासून ती आपल्याला मेली, या घरातलं कुणी तिचा उंबरा चढणार नाही. दादांचा शब्द. राधाकृष्णानं तो पाळला. चुकूनसुद्धा मोडला नाही. नगरच्या स्टँडवर एकदा ती दिसली होती, कडेवर पोर, हातात पिशवी, घामेजलेली. ती इकडेतिकडे बघत होती, बहुधा पाण्यासाठी, आणि हा तिकिटाच्या खिडकीआड जाऊन उभा राहिला, तिची गाडी हलेपर्यंत. त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. पण दादांचा शब्द राहिला, याचं केवढं समाधान वाटलं होतं मला... समाधान!

त्याची बायको चांगुणा चहाचा कप घेऊन आली आणि त्याच्या हातातलं बँडेज बघून जागीच उभी राहिली. त्यानं काही विचारायच्या आतच तिचा चेहरा सांगून मोकळा झाला.

"कधी गेल्ता?" तो म्हणाला.

"तुमी डेपोच्या कामाला पुण्याला गेल्ता तवा," ती हळूच म्हणाली. "घाटात पाइप फुटला. वन्सं कामाला हायेत तो दवाखाना जवळच हुता, त्या आल्या धावत. दादांच्यानं काय बांधवंना, मग त्यांनीच बांधलं."

वन्सं! किती सहज आला तिच्या तोंडून तो शब्द, रोज वापरात असल्यासारखा.

"पहिल्यांदाच गेल्ता?"

तिनं मान हलवली. नाही.

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"मी काय सांगू? दादांनी शपथ घातलेली. आन्..." ती कपाकडे बघत राहिली. "वन्संला दादांनी सांगितलंय, माझं काय न्हाई गं, पर राधू ऐकत न्हाई. त्याच्या गळी उतरलं की तुला घरी नेतो. त्या लई रडल्या. म्हनल्या, भाऊ असा कसा झाला?"

चहा त्यानं घेतला. प्यायलासुद्धा. चहा पिता येतो याचंच त्याला नवल वाटलं. पुण्याहून आल्यावर दादांनी त्याच्या तळहातावर पेढा ठेवला होता, शिर्डीचा प्रसाद म्हणून, आणि त्यानं तो आधी कपाळाला लावला होता. त्याच्या आधीही पेढे आले होते, कितीदा तरी. दरवेळी कपाळाला लावले होते. कुठल्या दुकानातले होते कोण जाणे. संगमनेरच्या स्टँडवरचे असतील. आणि हे सगळे गाडीत बसून परतताना काय बोलत असतील? हसले असतील का? की त्याचा विषयच निघत नसेल... हे जास्त लागलं. बहिणीला पारखा झालो तो ज्याच्यापायी, त्यानं बहीण ठेवून घेतली आणि तिला तोडल्याचं पाप तेवढं माझ्या नावावर घातलं. भावासाठी गाडीची काळजी घेणारा मी, आणि ती गाडी मला चुकवून तिच्या दारात उभी राहत होती.

त्यानं नवा पाइप चढवला. हात आपसूक चालत होते. क्लिपा आवळल्या, कळशी रिकामी केली, इंजिन सुरू करून पाइपावर तळवा ठेवला. पाणी तापत आलं तसा पाइप टणक होत गेला. कुठं थेंब नाही. काम चोख झालं होतं आणि त्याला स्वतःची लाज वाटली, की आजही ते चोखच झालं.

"झाली का रं गाडी?" दादा मागून आले, टोपी सारखी करत. "रविवारी शिर्डीला जाऊन यावं म्हनतो."

किती मोकळा आवाज! त्यात कुठं अडखळ नव्हती, नजरही सरळ होती, थोरल्या भावाची, प्रेमळसुद्धा. याच आवाजात ते ओट्यावर बोलले होते. मग खरं बोलताना यांचा आवाज कसा असतो? तो आपण कधी ऐकला तरी आहे का?

"मी बी येतो," राधाकृष्ण म्हणाला.

"तू?" दादांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुला कुठं सुट्टी असती?"

"रविवारी असती की, दादा."

दादांनी चांगुणाकडे पाहिलं. चांगुणानं पदर सारखा केला. इंजिन चालूच होतं. कलाकडे जायचंय का आपल्याला? हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर उभं राहून काय सांगायचं, हेही नव्हतं — आणि आत्ता त्याची घाईही नव्हती. दादा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, मिटत होते. दादांना शब्द सापडत नाहीत असं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. कालपर्यंत हे त्याला बघवलं नसतं, त्यानंच पुढं होऊन शब्द दिला असता. आता तो नुसता बघत उभा होता, आणि त्याला वाटत होतं, इतक्यात सापडू नयेत... अजून थोडा वेळ तरी सापडू नयेत.