लोकरीचा वास

मास्तरांनी डोळे मिटून कापडावर हात ठेवला, आणि त्यांना काही म्हणजे काहीच कळलं नाही.

हात खरंच टेकलाय की नाही, हे बघायलासुद्धा डोळे किलकिले करावे लागले. टेकला होता. हिरव्यागार कापडावर पाचही बोटं पसरून व्यवस्थित ठेवलेला. फक्त बोटांना त्याची खबर नव्हती. 

समोर पूल खेळायच्या हॉलची मालकीण ताई उभी होती, तिच्या शेजारी कापडाचा विक्रेता. दोघं मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. बघणारच हो! पूल टेबलाच्या कापडात मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. टेबलं मढवण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला. लोक लेबल वाचतात, भाव करतात, कोणी धागा उपसून काडीने पेटवतात आणि वास घेत बसतात. मास्तर त्यांना हसायचे. "ज्याच्या हाताला कळत नाही त्याने काड्या ओढाव्यात," म्हणायचे. स्वतः डोळे मिटायचे, बोटांची टोकं कापडावरून एकदा इकडून तिकडे फिरवायचे आणि सांगून टाकायचे. हे लोकरीचं, मार खाऊन खाऊन टिकेल. हे निव्वळ पॉलिस्टर, आज नवरीसारखं चमकतंय, पण थोड्याच दिवसांत गोळे धरेल आणि जोराच्या प्रत्येक फटक्याला बॉल त्यावर पांढरा चटका ठेवून जाईल. आणि अगदी तसंच व्हायचं. कधी म्हणून चुकायचा नाही हा माणूस.

पण गेले काही महिने ती बोटं मुकी होत चालली होती. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग शुकशुकाट. मास्तरांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि डॉक्टरची तर पायरीही चढले नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालं होतं. साखरेचा आजार. अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग गुडघ्यापासून पाय गेला. भावाचं काम तरी बसून करायचं होतं. मास्तरांचं पोट हातावर, आणि हातच गेले तर खायचं काय, या विचाराने त्यांना भर दुपारी घाम फुटायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत ते मूठ झाकून दिवस ढकलत होते.

"काय म्हणतंय कापड, मास्तर?" ताईने विचारलं.

तिचा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या चौकात नवा झगमगीत हॉल उघडला होता आणि तिचे खेळाडू एकेक करून तिकडे सरकत होते. वडिलांच्या मागे हा हॉल तिने एकटीने ओढला होता. आता होतं नव्हतं ते घालून तिने सगळीच्या सगळी टेबलं नव्याने मढवायला काढली होती. कापड चांगलं निघालं तर लोक परत येतील, फसलं तर दाराला कुलूप. विक्रेत्याने दोन तागे आणले होते. रंग एक, भाव एक, लेबलही एकच.

"दोन्ही लोकरीचेच आहेत, मास्तर," विक्रेता म्हणाला. बोलणं कसं लोण्यासारखं मऊ. "गिरण्या तेवढ्या वेगळ्या. त्यातल्या त्यात हा डावा जरा सरस, पण तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

"कापड आत्ताच गाडीतून उतरलंय," मास्तर म्हणाले. आवाज घट्ट ठेवायला त्यांना फार जड गेलं. "त्याला खोलीची हवा लागू दे. संध्याकाळी सांगतो."

मग वीण बघायच्या निमित्ताने त्यांनी चष्मा खाली आणला, आणि कडेचे सुटे धागे डोळ्यांनी हेरून नखांत पकडून ओढले. एक डाव्या ताग्याचा, एक उजव्याचा. पाठमोरं होऊन डाव्या धाग्याला खूण म्हणून गाठ मारली. तीही बोटांना जमेना, दात लावावे लागले.

"मास्तर, तुम्हीसुद्धा काड्या ओढायला लागलात की काय?" विक्रेता हसला.

"काड्या? मी?" मास्तरही हसले. हसता हसता त्यांनी धागे खिशात सरकवले.

घरी येऊन ते थेट बाथरूममध्ये शिरले आणि आतून कडी घातली. खिशात काडेपेटी. काय ही वेळ! ज्या गोष्टीला जन्मभर नावं ठेवली, तीच आता चोरून करायची. त्यांनी गाठीचा धागा चिमटीत धरला, हललाच तर कळायचं नाही म्हणून त्यावर डोळे रोखले आणि काडी ओढली.

परीक्षा साधी असते. लोकर जळली तर केस जळल्याचा वास येतो आणि मागे राख उरते, चुरगाळली की भुगा होणारी. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक खडा होतो. धाग्याने झटकन पेट घेतला, ज्योत सरसर वर चढली, काहीतरी काळं टपकून मोरीच्या जाळीत गेलं, धुराने डोळे मिटले. आणि वास आला. जळक्या केसांचा, नाकात शिरणारा, अगदी स्वच्छ वास.

"लोकर!" मास्तर स्वतःशीच म्हणाले. इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "अहो, काय करताय आत? धूर कसला?"

"काही नाही गं, आलोच!" त्यांनी उरलेला गाठीचा तुकडा आणि न जाळलेला दुसरा धागा खिशात कोंबला. दुसरा जाळायची गरजच काय? बाहेर येताच ताईला फोन लावला. "डावा घे. डोळे झाकून घे."

"वाटलंच होतं मला, तुम्ही हात लावलात म्हणजे प्रश्नच मिटला," ताई म्हणाली. "सकाळीच कापायला घेते. उजवा तो परत घेऊन जाईल."

मास्तर त्या दिवशी जेवायला बसले ते गुणगुणतच. बायकोने ताट पुढे सरकवलं आणि नाक मुरडलं. "बाथरूममध्ये केस जाळत होतात का? डोक्यावर चार उरलेत, तेही नकोसे झाले?"

मास्तर खो-खो हसले आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला. बायकोचं हसू मात्र तिथेच थांबलं.

"अहो, हे बोट बघू."

"कुठलं?"

"कुठलं म्हणून काय विचारता! हे!"

तिने त्यांचा हात दिव्याखाली ओढला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक काळं पडलं होतं, कातडी करपून सोलली होती आणि खाली टरटरून फोड आला होता. मास्तर बघत राहिले. जणू दुसऱ्याच कोणाचं बोट. मग हळूच त्यांनी ते नाकाशी नेलं.

तोच वास होता.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धागा जळून ज्योत बोटापर्यंत आली, बोट भाजत राहिलं, आणि आपण वास घेऊन खूश होत राहिलो! लोकर नव्हतीच ती. आपलीच कातडी होती.

"दुखत नाही?" बायकोने विचारलं. मास्तरांनी मान हलवली. ती काही ओरडली नाही, रडली नाही. "मला ठाऊक होतं," म्हणाली. "शर्टाची बटणं हल्ली मी लावून देते, ती काय तुम्हाला लाड वाटले? वाट बघत होते, कधी बोलाल म्हणून."

मग ती उठली. शिवणाच्या डब्यातला चिमटा घेऊन आली आणि खिशातले धागे मागून घेतले. गाठीचा तुकडा चिमट्यात धरून पेटवला. धागा आक्रसला, वितळला, त्याचा काळा मणी झाला. तिने तो ताटलीत टाकला तर टण् आवाज झाला. दुसरा धागा कसाबसा जळला, वास घरभर पसरला, आणि राख तिच्या बोटांत पिठासारखी विरली.

"उजवा खरा," ती म्हणाली. "उद्या जाऊन सगळं सांगा."

"सगळं कशाला? उजवा घे एवढंच सांगतो. कोणाला काही कळायची गरज नाही."

"आणि कापड ताणणार कोण? या हातांनी?"

 ती रात्र मास्तरांनी कुशी बदलत काढली, आणि डोळा लागला तेव्हा स्वप्नात थोरला भाऊ आला. तो नुसता त्यांच्या हातांकडे बघत होता.

सकाळी ते धापा टाकत हॉलमध्ये पोचले तेव्हा पहिल्या टेबलाचं जुनं कापड सोलून झालं होतं. कापडाखालचा पाटीचा दगड उघडा पडला होता, कडेला कापड ठोकायच्या, उपसलेल्या पिनांचा ढीग. डावा तागा पलीकडच्या टेबलावर पसरलेला आणि ताईच्या हातात कात्री. उजवा तागा विक्रेत्याच्या खांद्यावर.

"थांब! कापू नकोस!" मास्तर दारातूनच ओरडले. "उजवा घे. उजवा."

विक्रेत्याचा चेहरा क्षणभर पडला, पण गडी मुरलेला. "संध्याकाळी डावा, सकाळी उजवा? मास्तर, हात बिघडला की डोकं?" त्याने तागा खाली ठेवला. "असं करू या. तुम्ही डोळे मिटा. मी दोन्हींचे पदर पुढे ठेवतो. हाताने सांगा कुठला कुठला. लगेच सोक्षमोक्ष."

मास्तरांनी हात पाठीमागे नेले. याला वास लागला की काय?

"ठेवा हो मास्तर हात," ताई म्हणाली. "याचं तोंड एकदाचं बंद होऊ दे." तिच्या आवाजात शंका नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मास्तरांनी डोळे मिटले. कापड सरकवल्याची सळसळ ऐकू आली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि अंदाजाने खाली आणले. अंधार. डाव्या हाताखाली काही नाही, उजव्या हाताखाली काही नाही. जन्मभराचं कसब कुठे गेलं होतं, देव जाणे. दोनातलं एक सांगायचं होतं. अर्धी संधी होती! बरोबर आलं तर हॉल वाचला, नाव वाचलं, गुपितही वाचलं. एक शब्द बोलायचा. तो ओठांपर्यंत आलाही.

आणि चुकलं तर? ताई लहानपणी स्टुलावर चढून त्यांना पिना मोजून द्यायची. तिच्या दाराला कुलूप लागेल, तेही आपल्या हाताने.

त्यांनी डोळे उघडले. "मला कळत नाही," ते म्हणाले.

ताई हसली. "पुरे झाली थट्टा, मास्तर."

"थट्टा नाही पोरी. हात मेलेत माझे." ती अजून हसतच होती, म्हणून त्यांनी ढिगातली एक पिन उचलली आणि फोडाशेजारच्या बोटात दाबली. चांगली आतपर्यंत. रक्ताचा थेंब आला आणि उघड्या दगडावर पडला. मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ताईच्या हातातली कात्री खाली पडली.

मास्तरांनी खिशातून काडेपेटी आणि बायकोने दिलेला चिमटा काढून टेबलाच्या कठड्यावर ठेवला. "दोन्हींचे धागे जाळून बघ. चिमट्यात धरून हं, बोटांत नको."

तिने बघितलं. डाव्याचा मणी झाला, उजव्याची राख.  डावा तागा गुंडाळून, खाली मान घालून विक्रेता निघून गेला.

हॉलमध्ये दोघंच उरले. आता एवढी टेबलं कोण मढवणार, असं ताई विचारेल, असं मास्तरांना वाटलं. तिने विचारलं नाही.

"चला, आधी डॉक्टरकडे," ती म्हणाली. "टेबलं कुठे पळून जात नाहीत."

"मला भीती वाटते गं," मास्तर म्हणाले. इतके महिने गिळलेला शब्द होता तो. "हात कापतील माझे."

 मास्तरांनी खाली बघितलं. ताईने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. दिसलं, म्हणून कळलं.