टेकल्या माथ्याची भिंत

आश्विनाचं ऊन कृष्णेच्या घाटावर उतरलं होतं. निवळलेलं, सोनसळी, निःशब्द. वाईतल्या दमयंतीबाई खांबेट्यांच्या वरच्या खोलीत मात्र ते कधीच शिरत नसे. खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेची.

यंदा पहिल्यांदाच भाड्यानं द्यायची खोली ती. रिकामी, घुमणारी, उदास. दसऱ्याला नवं बिऱ्हाड येणार होतं आणि हणमंत रंगारी रंगांचं पुस्तक उघडून बसला होता. मोतिया, पिस्ता, अबोली, आकाशी. पानापानांतून ऋतू उलगडत होते. दमयंतीबाईंनी सगळे ऋतू ओलांडले आणि शेवटच्या पानावरच्या गडद तपकिरीवर बोट ठेवलं.

रंगारी चपापला. आधीच अंधारी खोली, तिला हा रंग दिला तर भरदिवसा दिवा लावावा लागेल, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. बाई ढिम्म हलल्या नाहीत. हट्टात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्याच. यजमान असते तर त्यांनी हे शपथेवर सांगितलं असतं.

यजमान नव्हते. माघात गेले. मागे उरला होता त्यांचा डाग.

खिडकीलगतच्या भिंतीवर, त्यांच्या खाटेच्या जागी, एक वाटोळा, तेलकट, काळपट डाग. माक्याचं तेल थापलेला माथा टेकून ते तिथे वर्षानुवर्षं बसत. त्या डागापायी बाई जन्मभर भांडल्या. आता रोज जिना चढून त्या त्याच डागावर तळवा ठेवत, आणि तळव्याला तो वास लागे. जुनाट, उष्ण, आपल्या माणसाचा.

फिका रंग द्यायचा तर डाग विटेपर्यंत खरवडायला हवा होता. गडद रंगाखाली तो तसाच राहिला असता. झाकलेला, पण शाबूत. बाईंनी कुणाला न सांगता एवढंच योजलं होतं.

दुपारी नवी भाडेकरीण खोली बघायला आली. भार्गवी तिचं नाव. सातवा महिना, जिन्यानं लागलेली धाप, ओठांवर संकोचलेलं हसू. खोलीभर फिरून ती नेमकी त्या भिंतीपाशी थांबली.

"काकू, पाळणा इथं टांगला तर चालेल ना? खोलीत उजेड काय तो इथंच आहे."

बाईंना आधी राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली. ती पोर गेल्यावर त्या हणमंताकडे वळल्या.

"मोतिया लावा," त्या म्हणाल्या. "आणि ती पट्टी इकडे द्या. हे मी खरवडते."

त्यांनी डागावर एकदाच कपाळ टेकलं आणि पट्टी चालवली. पापुद्रे सुटले, पोपडे गळले, धूळ उडाली. केसांवर धूळ, पापण्यांवर धूळ, पदरावर धूळ. अखेर लाल वीट उघडी पडली.

हणमंत ओशाळून म्हणाला, "कितीबी खरवडा बाई, ईट त्याल प्यालेली असतीया. दोन-चार पावसाळ्यांनी डाग वर येतोयच."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "मला घाई नाही."

वीट लिंपली, सुकली, आणि मोतियाचा पहिला हात फिरला. ओली भिंत उजळली, उत्तरेचा तो कृपण उजेड तिच्यावर हळूहळू, हळूहळू पसरला. आणि समोर दमयंतीबाई बसून राहिल्या, पाहत, पाहत, माथा कशालाही न टेकता.