सगळ्यांना सोयीचा बर्फ

मोज्याच्या बोटांपाशी, करड्या लोकरीत तांबड्या धाग्यानं विणलेलं ते इंग्रजी अक्षर – आर, म्हणजे उजवा – ललितनं अंगठ्यानं चाचपलं आणि तेवढ्यात उजव्या पायाची करंगळी गार पडली. नसलेली करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट, मग चवडा, मग टाच... थंडी अशी सावकाश वर चढत यायची आणि खुंटापाशी भिंत लागल्यासारखी थांबायची, आणि चोळावं म्हणून हात खाली नेला तर हाताला फक्त चादर. फवारणीच्या ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यानं पँट ओढली, पँटीनं पाय ओढला, त्याला तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, पाय गेल्याचं मेंदूला अजून कळलेलं नाही. कोण कळवणार? माझ्या मेंदूला कळवायचं काम काय तलाठ्याकडं आहे?

बर्फात घालायचे हे मोजे बायकोनं, साधनानं मागवले होते, घरातल्या प्रत्येकाला एक जोड. त्यालाही जोडच. तिनं उजवा काढून ठेवला असता तरी राग आला असता. ठेवला नाही, म्हणूनही आला.

बाहेर जेवणाच्या टेबलावर ईश्वरीनं लॅपटॉप उघडला होता. नाताळच्या सुट्टीत, द्राक्षं उतरायच्या आधी, बर्फात जायचं हे नक्की होतं. कुठं, ते आज ठरायचं होतं. पोरीला स्की येतं – गेल्या वर्षी कॉलेजच्या शिबिराला गेली आणि तेव्हापासून चालताना गुडघे वाकवूनच चालते. साधनाला स्कूटरवर मागं बसायची भीती. आईचे, नवसाबाईंचे, गुडघे गेलेले. आणि तो.

"औली नको," ईश्वरी म्हणाली. "आजीला एवढा घाट झेपणार नाही."

"मला काय धाड भरलीय?" नवसाबाई चहात टोस्ट बुडवत म्हणाल्या. "बर्फाला एकदा हात लावू द्या, बास. वर मेलेच तर तिथंच ठेवा, उन्हाळ्यापर्यंत टिकंन मी."

"गुलमर्गच बरं," साधना म्हणाली. "गोंडोला आहे. काचेच्या डब्यात बसून वर जायचं, वर हॉटेल, खुर्च्या. ईशू खेळेल, आपण बघू. सगळ्यांना सोयीचं."

"सोलंगला उतार साधा आहे पण, मम्मी. आणि तिथं..." ईश्वरीनं त्याच्याकडं पाहिलं आणि वाक्य गिळलं.

सोयीचं. हा शब्द कुणी काढला त्याला एकदा भेटायचंय मला. लग्नात गेलं की सोय म्हणजे पहिल्या रांगेतली खुर्ची, देवळात गेलं की सोय म्हणजे बाहेरचा कट्टा, 'तुम्ही बसा हो, आम्ही आलोच दर्शन घेऊन' – आणि ते येईपर्यंत चपला राखायच्या, सगळ्यांच्या, जोडीजोडीनं. आता हिमालयात चपला राखायच्या. आपण बघू, म्हणे. बायको बॅंकेत अधिकारी आहे, शब्द जपून वापरते. 'तुम्ही बघा' म्हणाली नाही, 'आपण' म्हणाली. दयाळू लोकांचा हाच वैताग – चिडून फेकून मारायला हाताशी काही ठेवत नाहीत.

"संध्याकाळी ठरवू," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली घेतली.

गाडीला डाव्या पायाचा अॅक्सलरेटर बसवून घेतला होता. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना बागा, पानांआड द्राक्षांचे मणी पाण्यावर आलेले, रसानं फुगू लागलेले, आणि पारा असाच उतरत राहिला तर त्या मण्यांना तडे जाणार म्हणून जिथंतिथं पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर अजून जमिनीलगत लोळत होता. इथं माणसं थंडीला हाकलायला ओला पालापाचोळा जाळतात, आणि आपण तिच्या घरी पाहुणे निघालोय... डावा पाय आपोआप दाबत होता, उजवा, तो नसलेला, आपोआप ब्रेक शोधत होता.

मोतीराम बांधावर उन्हाला बसले होते. वडील या दिवसांत बाग सोडून शहरातल्या फ्लॅटवर येतच नसत.

"ठरलं का मंग?"

"ठरतंय, बापू."

"थंडी इथं फुकट हाय की. लय पडली तर मणी बी फुटून दाखवतील, बघा म्हनावं."

तो कुबड्या टेकत ओळींच्या कडेनं चालत गेला. शेकोट्या उत्तरेच्या अंगाला होत्या, वारा तिकडून येतो, धूर वेलींवर पसरला पाहिजे. पण एक राखेचं वर्तुळ पार दक्षिणेच्या कोपऱ्यात होतं, विहिरीपलीकडं, जिथं एकही वेल नाही. तिथलीच राख सगळ्यांत जाड. त्याला ठाऊक होतं तो कोपरा कसला. दवाखान्यातून पाय बापूंनी मागून घेतला होता, उपरण्यात गुंडाळून आणला, आणि तान्ह्या लेकराला पुरतात तसा मीठ टाकून पुरला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो गुंगीत होता. माझा पाय आणि मीच मौतीला नव्हतो.

"तिकडं कशाला पेटवली?" परत येऊन त्यानं विचारलं. "तिकडं वेल कुठंय?"

"वारा तिकडनं बी येतो."

"बापू."

मोतीरामांनी तंबाखू चोळली, उगाच जास्त वेळ. "तू म्हनला व्हता ना, पाय गार पडतो म्हनून." मग थुंकायला तोंड वळवलं. "कमी झालं का काही?"

नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. सकाळीच करंगळी गार पडली होती, ते खोटं नव्हतं. पण म्हाताऱ्यानं कोण जाणे किती हिवाळे, पहाटे उठून, कुणाला न सांगता...

"होतं कधीकधी," तो म्हणाला.

"मंग झालं." आणि हात झटकत, "तिथं जाऊन तू काय करनार?"

"बसणार."

"बसायचं तर हितं बस की. हितं काय कमी बांध हायेत?"

गाडीत येऊन त्यानं दार ओढून घेतलं. मोबाइलमध्ये ईश्वरीनं मागं कधीतरी पाठवलेला नंबर होता, खाली काही न लिहिता. आणि एक व्हिडिओ, जो त्यानं बाथरूमचं दार लावून किती वेळा पाहिला होता ते त्यालाच माहीत: एका पायाचा माणूस, एका पट्टीवर, वळणं घेत खाली येतो आणि रिकामी पँट वाऱ्यावर फडफडते, निशाणासारखी. लाज म्हणून नाही. वेगानं.

त्यानं नंबर लावला. सोलंगला स्की शिकवणारा तो माणूस पलीकडं चहा पीत असावा. "पैर कौन सा है, सर?"

"दाहिना. गुडघे के नीचे से गया है."

"गया वो नहीं पूछा. है कौन सा?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. 'बायाँ' म्हणताना त्यानं हात डाव्या गुडघ्यावर ठेवला.

"बढ़िया. एक स्की, और दोनों हाथ में बैसाखी, नीचे छोटी स्की लगी हुई. आ जाओ. गिरोगे बहुत."

गिरोगे बहुत! शहराच्या तोंडाशी पेठ रोड लागेपर्यंत तो ते दोन शब्द तोंडात घोळवत होता. कुणीतरी त्याला पडायला बोलावलं होतं.

संध्याकाळी ईश्वरीनं लॅपटॉप परत उघडला तेव्हा नवसाबाई खालच्या मजल्यावर भजनाला गेल्या होत्या. साधना मेथी निवडत होती.

"सोलंग," तो म्हणाला. "मी स्की करणार आहे. बोललोय मी तिथं."

ईश्वरी हसली, आणि आईकडं बघून थांबली.

"पडलात तर?" साधना म्हणाली.

"पडणारच आहे. मला येतं पडायला. खुर्चीवर बसून बसून कंटाळलो, साधना. तुला सोयीचं पडतं म्हणून मी सामान नाही व्हायचो."

साधनानं काडी बाजूला ठेवली. "त्या दिवशी ट्रॅक्टर मी बंद केला. माहीत आहे ना?"

त्याला माहीत नव्हतं. त्याच्या आठवणीत दांडा होता, निळा ड्रम, आभाळ, मग दवाखान्याची ट्यूबलाइट. मधे कधीतरी इंजिन थांबलं होतं – पाऊस थांबतो तसं. कुणी थांबवलं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"रविवार होता. डबा घेऊन आले होते. मी चावी फिरवली, तरी चालूच. स्टॉपचा खटका ओढावा लागतो, हे मला कुणी सांगितलं होतं? तुम्ही ओरडत होतात आणि मी चावी फिरवत होते... फिरवतच होते." तिनं मेथीची जुडी सरळ केली, ती सरळच होती. "खुर्ची मला हवीय. तुमच्यासाठी नाही मागितली. काचेच्या आत, जिथं काही फिरत नाही, घसरत नाही, अशा जागी मला बसायचंय. तुम्ही शेजारी असाल तर."

ललितचा राग सवयीनं उठला, पण जायला कुठं जागा नव्हती. बापूंकडं जाता येत नव्हतं, हिच्याकडं नाही. त्याला पहिल्यांदाच ते इंजिन तिच्या बाजूनं ऐकू आलं, चावी फिरवूनही न थांबणारं, आणि तीन वर्षं या घरात, मिक्सर लागला की ती स्वयंपाकघरातून का उठून जाते... आणि एवढं कळूनही उतार हवाच होता. तसूभर कमी झालेला नव्हता. पोटात, मांडीत, जो आहे त्या पायात, तो उतार तसाच धावत होता. याचीच त्याला भीती वाटली.

"पप्पा," ईश्वरी हळू म्हणाली. पडद्यावर गुलमर्ग आणि सोलंग, दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडी होती. "कुठलं करू?"

त्यानं तोंड उघडलं. आजवर जे काही मागितलं होतं ते कुणावर तरी चिडून मागितलं होतं. समोर आता चिडायला कुणी उरलं नव्हतं, आणि तसं, नुसतं, मला हे हवंय असं म्हणायचं कसं, ते त्याला येत नव्हतं.