दहाव्या वाढदिवसाचा गूळ

मी तराजू बोलतोय. काचेवर लाल आकडे चमकवणारा नव्हे. लोखंडी दांडी, दोन पारडी आणि मधे काटा, असा जुन्या वळणाचा. माझ्या एकेका पारड्यात माणूस मांडी घालून बसेल, एवढा थोरला. खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. रक्त नाही म्हणा, लोखंडच आहे. पण लोखंडालाही कधी हादरा बसतो आणि तो पोटात ठेवता येत नाही, म्हणून आज तोंड उघडलंय.

शहराच्या छावणी भागात गयास मिस्त्रींच्या भट्टीत माझा जन्म झाला. दांडी घडवून झाल्यावर त्यांनी मला रिकामाच टांगला आणि काटा मधोमध उभा राहीपर्यंत कानस चालवत राहिले. "जिसका जितना, उसको उतना," एवढंच म्हणाले आणि हात झटकले. तिथून मी लासूर स्टेशनच्या मोंढ्यात कडुबा पाटलांच्या आडतीवर आलो. बाजरी, मका, तूर, कापूस, काय काय म्हणून तोललं नाही! शेतकरी माझ्या काट्याकडं डोळे लावून बसायचा. मी कुणाचा छटाकभर माल खाल्ला नाही.

पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि मी कोपऱ्यात गेलो. पाटील वारले. त्यांचा मुलगा सोमनाथ कंपनीत लागला, त्यानं पडेगावला रो-हाऊस घेतलं. मला भंगारात घालायचं ठरलंच होतं, पण पाटलांच्या बायकोनं, भागूबाईंनी, हट्ट धरला आणि मी शहरातल्या त्या घराच्या जिन्याखाली येऊन पडलो. तो हट्ट माझ्या मायेपोटी नव्हता, नातीच्या मायेपोटी होता.

सोमनाथची मुलगी मोनिका सातव्या महिन्यातच जन्मली होती. सव्वा किलोची. महिनाभर काचेच्या पेटीत होती. तेव्हा भागूबाईंनी देवीपुढं पदर पसरला की पोर जगू दे, दहा वर्षं दर वाढदिवसाला तिची गुळानं तुला करीन आणि तो गूळ वाटीन. पोर जगली. तुला करायची तर दोन पारडी हवीत, म्हणून मीही जगलो.

पहिल्या वाढदिवसाला कॉलनीतल्या देवीच्या मंदिरासमोर मला टांगलं. आडतीवरचा जुना हमाल बन्सी त्यासाठी खास लासूर स्टेशनहून आला. एका पारड्यात मोनिका, दुसऱ्यात गुळाची ढेप. ढेप दहा किलोची, ती फोडून निम्म्याहून थोडी जास्त ठेवावी लागली तेव्हा कुठं काटा मधे आला. भागूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षं पोती तोलली, पण असा हलका आणि असा मोलाचा माल माझ्या पारड्यात कधी आला नव्हता.

तिथंच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं!

दर वर्षी गूळ वाढायला लागला आणि गुळाबरोबर घराची छाती फुगायला लागली. आधी ढेप फोडावी लागत होती, मग एक पुरेना, मग दोन पुरेनात. काटा हलला नाही की बन्सी ओरडायचा, "आणा अजून!" आणि बायका टाळ्या पिटायच्या. लेकरू वाढतंय, वाढू दे, म्हणून मीही खूश होतो. पण आठव्या वर्षी मी दचकलो. साखळ्या करकरल्या. मला लेकरांचं वजन कळतं, मंदिरासमोर दुसऱ्यांची पोरं येऊन माझ्या पारड्यात उड्या मारायची. मोनिका तिच्या वयाच्या दोघांएवढी भरत होती. मी काटा झुकवून जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होतो आणि हे लोक टाळ्या वाजवत होते.

जिन्याखालून मला सगळं घर दिसायचं. भागूबाई मोबाईलवर चित्रं लावून देत आणि घास भरवत, आठ वर्षांच्या मुलीला! तोंड मिटलं की दुसरं चित्र. शाळा दोन गल्ल्या सोडून, तरी सोमनाथ मोटारसायकलवर सोडायला जायचा. ऊन लागतं म्हणून खेळणं बंद, रडली की कुरकुरे, रुसली की कोल्ड्रिंकची बाटली. शेजारची खुशनुमा, मोनिकाच्याच वर्गातली, संध्याकाळी दारात येऊन हाक मारायची. तिला "अभ्यास करतीय" सांगून परत पाठवलं जायचं. तेव्हा मोनिका सोफ्यावर असायची आणि हाक ऐकून तिची मान दाराकडं वळायची.

आणि त्या घराची रीत पाहा. लेकराचं अंग कुणी बोलून दाखवायचं नाही, नजर लागते! शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, वजन जास्त आहे, दवाखान्यात दाखवा. मोनिकाच्या आईनं, दीपमालानं, ती सासूपुढं धरली. भागूबाईंनी चिठ्ठी देव्हाऱ्याखाली सारली.

"सव्वा किलोची व्हती तव्हा कुठं व्हते हे?" त्या म्हणाल्या.

दीपमाला कणीक मळायला निघून गेली. वर्षभर ज्या वजनाविषयी ब्र काढायचा नाही, तेच वर्षातून एकदा मंदिरासमोर मांडव घालून सगळ्या कॉलनीला ढेपांत मोजून दाखवायचं, हे काय गौडबंगाल होतं ते मला आजही उमगलेलं नाही.

त्यात मोनिकाची मान काळी पडायला लागली. मळ साठलाय, पोरगी नीट अंघोळ करत नाही, असं ठरलं. दर रविवारी भागूबाई तिला न्हाणीघरात बसवून डाळीच्या पिठानं आणि वज्रीनं मान घासायच्या. ज्या वज्रीनं टाचा घासायच्या, तीच! पोरीचं रडणं जिन्याखाली ऐकू यायचं. मळ काही निघत नव्हता.

मग दहावा वाढदिवस आला. शेवटची तुला, म्हणून नातेवाईक लासूरहून जीप करून आले. मोनिका नव्या घागऱ्यात माझ्या पारड्यात बसली. मान खाली. बन्सीनं एक ढेप ठेवली, दुसरी, तिसरी. चौथीलाही तिचं पारडं जमिनीवरच. पाचवी ठेवली. काटा हलला नाही. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, "सहावी आणा, खात्यापित्या घरची लेक हाय." मोबाईल वर झाले.

बन्सी सहावी ढेप उचलायला वाकला तेव्हा मोनिकानं त्याची बाही धरली. इतकी हळू बोलली की फक्त त्याला आणि मला ऐकू गेलं.

"बन्सीआबा, काटा बिघडलाय का? मी परवापासून काहीच खाल्लं नाय. आजीचा घास गुपचूप थुंकती, डबा पण खुशनुमाला देती. तरी कमी नाय झाले का मी?"

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण खोटा तराजू असतो तर बरं झालं असतं. मी तीस वर्षं जो खरेपणा मिरवला तो या पोरीनं दोन दिवस उपाशी राहून भोगला होता. बन्सीच्या हातातली ढेप खाली पडून फुटली. तो काही बोलणार, तेवढ्यात मोनिकाची मान कलली आणि ती माझ्या साखळीवर कोसळली.

जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. मला तसंच टांगलेलं ठेवून सगळे पळाले. पाच ढेपा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला तिची एक बांगडी.

दुसऱ्या दिवशी भागूबाई घरी आल्या. तोवर बन्सीनं मला उतरवून जिन्याखाली आणलं होतं. त्या तिथंच माझ्या पारड्याला टेकून बसल्या आणि दवाखान्यात काय झालं ते दीपमालाला पुन्हा पुन्हा विचारू लागल्या, जणू एखाद्या वेळी उत्तर बदलेल. दीपमाला शांतपणे सांगत होती. उपाशी राहिल्यानं चक्कर आली होती, पण रक्त तपासलं तर दहाव्या वर्षी साखर मधुमेहाच्या हद्दीवर येऊन ठेपलेली. मानेवरचा काळेपणा हा मळ नव्हेच, शरीर आतून देत असलेली खूण होती. अजून वेळ गेलेली नाही, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. रोज तासभर खेळ, वेळेवर झोप, घरची भाजी-भाकरी, पोरीला उपास मुळीच नको, आणि जे तिच्या ताटात तेच सगळ्यांच्या ताटात.

"म्या तिची मान घासत व्हते," भागूबाई म्हणाल्या. "वज्रीनं. ती म्हनायची, आजी दुखतंय. अन् म्या म्हनायचे, गप."

दीपमाला त्यांच्याजवळ खाली बसली. मग तिनं विचारलं की आई, दहावी तुला अर्धीच राहिली, देवीला काय सांगायचं.

"देवीला पोर मागितली, तिनं दिली. गूळ तिनं मागितलाच नव्हता, माय. त्ये मीच बोलले व्हते."

त्या उठल्या, मंदिरात जाऊन आल्या आणि आल्या आल्या जेवताना मोबाईल बंद करायचा हुकूम सोडला. ढेपा दुकानात परत गेल्या. सोमनाथला दम भरला की उद्यापासून पोरीबरोबर पायी शाळेत जायचं, तुझंही पोट सुटलंय. मोनिका पहिले चार दिवस घरात सगळ्यांशी भांडली, पाचव्या दिवशी ज्वारीची भाकरी मागून घेतली, सहाव्या दिवशी पुन्हा भांडली.

आज त्याला तीन महिने झाले. मी आता अंगणात भिंतीशी पडलोय, कारण मला टांगायचा सोल, म्हणजे जाड दोर, भागूबाईंनी सोडून नेला. रोज संध्याकाळी त्याचं एक टोक खुशनुमाच्या हातात असतं, दुसरं भागूबाईंच्या. मधे मोनिका उड्या मारते. पहिल्या दिवशी दोन झाल्या, काल एकोणीस. धाप लागली की कमरेवर हात ठेवून थांबते आणि आजीला दटावते की तू नीट फिरवत नाहीस. तिचं वजन किती झालं, मला ठाऊक नाही. मला कुणी विचारलेलंही नाही.

बाबांनो, दाणे तोला, कापूस तोला, लेकरू मात्र चारचौघांत तोलू नका. त्याच्याबरोबर खेळा. आज बन्सी आला होता, म्हणाला, वहिनी, याला नवा सोल आणून परत टांगू का? भागूबाई दोर फिरवत होत्या, त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "मोने, इसावी उडी मार."