डाव्या हाताची कात्री

मी कात्री बोलतेय. घाबरू नका, नुसती बोलतेय. कापड कापायची मोठी, जड कात्री. त्यातून डाव्या हाताची. माझी पाती बाकीच्या कात्र्यांच्या उलट बसवलेली. म्हणून दुकानात मी कितीतरी दिवस धूळ खात पडून होते. गिऱ्हाईक मला उचलायचं, एकदोनदा उघडझाप करायचं आणि "काहीतरीच आहे ही," म्हणून परत ठेवायचं. शेजारच्या कात्र्या मात्र पटापट खपायच्या. जळायची सवय मला तेव्हापासूनची.

मग शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांची लेक डावखुरी. आईच्या कात्रीने कापायला गेली, की कापड पात्यांमध्ये नुसतं दुमडायचं. सगळे म्हणायचे, पोरीच्या हातात कलाच नाही. बाईंनी एकदा समोर बसून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे गं तुझा. कात्रीच चुकीची आहे." आणि त्या मला घरी घेऊन आल्या.

बाहुलीच्या झग्यापासून पुढे सगळं आम्ही दोघींनी मिळून कापलं. मोठी झाल्यावर ती कपडे बेतायचंच शिकायला कॉलेजात गेली, तेव्हाही मी पिशवीत असायचेच. मला वापरून कुणी कागद कापलेला तिला खपायचा नाही; कागदाने माझी धार जाते ना. एकदा मावशीने पाकीट फोडायला मला उचललं, तर ही अशी काही ओरडली की मावशी पाकीट तसंच घेऊन घरी गेली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग कॉलेजने तिला एका सत्रासाठी परदेशी पाठवायचं ठरवलं.

बॅग भरताना सगळ्यात आधी मी आत गेले होते, स्वेटरच्या घडीत. पण वजन जास्त भरलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नव्या बुटांकडे. "आई, तिकडे कात्र्या कॉलेजच देतं," म्हणाली आणि मला बाहेर काढलं. पायात घालायची वस्तू विमानात बसली आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला! बुटांचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं.

बाई कापायच्या टेबलावर फोन उभा करून तिच्याशी बोलायच्या, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला ती रडायची. खोली एवढीशी, स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एक, वर्गात सगळे भराभर बोलतात आणि हसतात तेव्हा हिला कळत नाही कशाला. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. आता येईल गुपचूप परत, मी मनात म्हटलं.

ती आली नाही. रुळली. मैत्रिणी झाल्या, फोन आखूड झाले आणि त्यात नवाच जप सुरू झाला. "आमच्या इथल्या मॅडम ना, आई, काय सुरेख बेततात! असं मला कुणी शिकवलंच नव्हतं." बाई "हो का?" म्हणाल्या आणि समोरच्या कापडाची घडी मोडून पुन्हा घालत बसल्या. घडी आधीच नीट होती. या घरात जळणारी मी एकटीच नाही, हे मला तेव्हा कळलं.

एका दुपारी तिने मोठ्या हौसेने सांगितलं, "आई, मी आता उजव्या हाताने कापते! इथे सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या. माझ्या एकटीसाठी वेगळी मागायची लाज वाटली, मग शिकलेच. आता छान जमतं."

माझा अगदी तिळपापड झाला. कुठल्या कोण त्या कात्र्या, अख्ख्या वर्गाच्या हातांतून फिरलेल्या! आणि त्यांच्यासाठी हिने हात बदलला? फोन बंद झाल्यावर बाईंनी समोरचं कापड बाजूला सारलं. मग उठल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि डाव्या हातात धरलं.

मला रागच आला. त्यांचा अंगठा माझ्या कड्यात अवघडून बसला होता. चिंधी वेडीवाकडी कापली गेली. मीही काही मदत केली नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गिऱ्हाइकांचं काम आटपलं, की चिंध्या घेऊन बसायच्याच. मावशी म्हणाली, "अगं, या वयात हे काय खूळ?" बाई नुसत्या हसल्या. मला दुसऱ्या कुणाचा हात नकोच होता. मी फक्त ती कधी येते याची वाट बघत होते.

ती आली. केस कापलेले, बोलणं भरभर. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी उभी राहिली आणि मला उचललं. उजव्या हातात! कापड माझ्या पात्यांमध्ये दुमडलं. तिने जोर लावला, पुन्हा दुमडलं.

"आई, धार गेली हिची. टाकून देऊ या. मी नवीन घेते."

धार गेली? माझी? आता कचऱ्यातच जाणार म्हणून मी गारठले.

बाईंनी मला तिच्याकडून घेतलं, डाव्या हातात धरलं आणि ते कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापत नेलं. लेक बघतच राहिली.

"आई, तू डाव्या हाताने? कधी शिकलीस?"

"तू नव्हतीस ना, दुपारी करमायचं नाही. ही हातात धरली, की तुझा हात धरल्यासारखं वाटायचं."

घ्या! म्हणजे तो हातही माझ्यासाठी नव्हता. तिच्यासाठी होता. मला जळायला आणखी एक कारण मिळालं. पण त्या वेळी जळायचं काही सुचलं नाही, कारण लेकीचे डोळे भरून आले होते. तिने डावा हात पुढे केला.

"दे इकडे. माझी आहे ती."

"थांब गं," बाई म्हणाल्या, "माझी एवढी बाही होऊ दे."

कॉलेजात ती अजूनही उजव्या हातानेच कापते म्हणे. कापू दे. घरी मात्र मी खिळ्यावर फारशी नसतेच. तुमच्या घरातलं कुणी दूर गेलं असेल, तर त्याची वस्तू नुसती टांगून ठेवू नका. हातात घ्या. ती रुसेल, अडून बसेल, तरी घ्या. बरं, आता पुरे. बाईंनी मला हातात घेतलंय आणि लेक शेजारी उभी राहून धुसफुसतेय, "किती वेळ आई तुझं?" जळू दे तिला जरा.