मंगलच्या नावाची खूण

"पुसू नको गं रोहिणी. राहू दे ते."

पण तोवर ओळ गेलीच. घाटनांदूरच्या आपल्या खोलीत संगीताबाई लॅपटॉपकडे बघत राहिल्या. दोघींसमोर एकच पान उघडं होतं. इकडे लिहिलेलं तिकडे दिसायचं, तिकडे पुसलेलं इकडे. रोहिणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, दूर कारखान्याकडच्या फडात. दुपारी उसाची गाडी भरून गेली की कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या खोपटाच्या, सावलीत बसून ती आईच्या फोनवरून शिकवणीला यायची. म्हणून पानावर तिची गुलाबी खूण, म्हणजे कर्सर, हलायची तेव्हा वर नाव दिसायचं ते आईचं. मंगल.

संगीताबाईंची खूण हिरवी. पोरगी अडली की त्या काही सांगत नसत. आपली खूण तिच्या खुणेशेजारी नेऊन ठेवत आणि म्हणत, "मी बसलेय हं इथं. लिही तू." मग फोनमधून पाचटाची सळसळ येई, डोक्यावर पंखा संथ फिरे, आणि बाईंना वाटे, आपली खोलीच सरकत सरकत फडाच्या बांधावर गेली आहे. शाळेतली नोकरी सुटल्यापासून दिवसातली ही एवढीच वेळ त्यांना मनापासून आवडायची.

आज मात्र जीव टांगणीला होता. अंबाजोगाईच्या एका वसतिगृहानं मुलींकडून 'माझी आई' हा निबंध मागवला होता आणि तो उद्या पाठवायचा होता. नंबर लागला तर रोहिणी आठवीला तिथं राहणार. नाही लागला, तर पुढच्या हंगामात तिच्याही हातात कोयता.

आणि ती ओळ पुसून हिनं लिहिलं काय? 'माझी आई रोज दारात रांगोळी काढते. मला गोड खाऊ देते.'

"ही कुणाची आई म्हणायची? गाईडातली?"

रोहिणी हसली. "मंग काय लिव्हू बाई? माय ऊस तोडती म्हून?"

"लिही की. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

"ती हितंच बसलीय. बघायलीय."

"तिला वाचता येतं?"

"न्हाई. पर लाज वाटती."

तेवढ्यात मंगलचाच आवाज आला. "बाई, त्या गुलाबी खुणंवर माजं नाव हाय म्हणं. खरं हाय का?"

"खरं आहे, मंगलताई. सगळं तुमच्याच नावानं लिहिलं जातंय."

"आगं माय! म्हंजी मीच शिकायले की!" मंगल खळखळून हसली. "लिव्ह पोरी. माज्या नावाला बट्टा नगं लावू." आणि घागर घेऊन ती पाण्याला गेली.

हिरवी खूण गुलाबी खुणेशेजारी जाऊन बसली. मग हळूहळू अक्षरं येऊ लागली.

'आई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. फळी वाकते. मी खाली उभी असते. मी आईकडे बघत नाही, फळीकडेच बघते. मी बघत असले की फळी मोडत नाही, असं मला वाटतं.'

बाईंनी त्यातलं एक अक्षरही बदललं नाही.

नंबर लागला. जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन रोहिणी अंबाजोगाईला निघाली, तेव्हा बाई तिला भेटायला स्टँडवर गेल्या. पोरगी खुशीत असेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडवेली झाली होती.

"बाई, आता फळीकडं कोण बघल?"

बाईंनी तिची पेटी आपल्या हातात घेतली.

"मायला पान उघडायला शिकिवलंय मी," रोहिणी म्हणाली. "गाडी भरून खाली उतरली की उघडती म्हणली. तुमी बघताल ना?"

"बघीन."

दिवाळीनंतर मंगलची टोळी पुन्हा उसाला गेली. तेव्हापासून रोज दुपारी संगीताबाई तेच जुनं पान उघडून बसतात. कधी डुलकी लागते, डोळ्यांपुढे हिरवा ऊस हलत राहतो. मग गुलाबी खूण येते, निबंधाच्या शेवटच्या ओळीखाली जराशी थांबते आणि जाते.

आज ती येईना. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, भिंतीवरून सरकत वर चढलं. बाईंचा चहा तसाच निवला. त्यांना वाकलेली फळी दिसत होती, आणि त्या तिच्यावरून नजर काढायला तयार नव्हत्या.

मग खूण उमटली. मंगल.

बाईंनी आपली हिरवी खूण हळूच तिच्याशेजारी नेऊन ठेवली. आज मंगल लगेच गेली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या.