तारेची सायकल

मी चौतिसाव्या वर्षी खेळाडू व्हायचं ठरवलं, याला कारण एक दूधवाला. सत्त्याऐंशी सालच्या सव्वीस जानेवारीला पाचोरा-भडगाव सायकल शर्यतीत मी शेवटचा आलो, याचं मला काही वाटलं नव्हतं. कुणीतरी शेवटचं यावंच लागतं. पण दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवलेला एक दूधवाला, जो शर्यतीत नव्हताच, "भाऊ, जरा बाजूला" म्हणत मला मागे टाकून गेला. आणि ते बघायला आमची अख्खी गल्ली ट्रॅक्टर करून आली होती. पुढे वर्षभर आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात चहा पुढे करताना जो तो मला दुधाची चौकशी करायचा.

म्हणून डिसेंबरात मी धुळ्याच्या बन्सीलाल सरांकडे गेलो. सर पतियाळाला सहा आठवडे प्रशिक्षकांच्या कोर्सला राहून आले होते आणि तेव्हापासून त्यांनी साधं बोलणं सोडलं होतं. त्यांनी मला 'इंटरव्हल ट्रेनिंग' सांगितलं. एक मिनिट जीव खाऊन सायकल मारायची, दोन मिनिटं रमतगमत, असं दहा वेळा. पहाटे, आणि घराजवळच. "लांब जाऊ नका, परत यायचा दम राहणार नाही," सर माझ्या पोटाकडे बघत म्हणाले.

घराजवळ म्हणजे आमच्या गल्लीत. एका टोकाला आमचं घर, दुसऱ्या टोकाला जिनिंगच्या फाटकाशी पार्वताआत्याचं. सायकल आबांची. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, पोस्टात तीस वर्षं तारा वाटल्या आणि निवृत्त झाल्यावर तीच लाल सायकल लिलावात घेऊन घरी आले. दारात उभी असताना ती कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. पण पहाटे पाचला ती भरधाव सुटलेली बघून गल्लीचं काय होईल, हे पतियाळात शिकवत नसावेत.

पहिल्याच मिनिटाला तीन दारं उघडली. दुसऱ्या फेरीला दिवे लागले. मी जोरात जातो, एकदम हळू होतो, घड्याळ बघतो, घाम पुसतो आणि कुणाशी न बोलता मागे वळतो. गल्लीने लगेच अर्थ लावला: तार इतकी वाईट आहे की वाल्मीकच्या तोंडून शब्द फुटत नाही. चौथ्या फेरीला पार्वताआत्याने सुरतेच्या मुलाच्या नावाने हंबरडा फोडला. मुलगा तिकडे रात्रपाळीला लूम चालवत होता. सायकल दुकानवाल्या हबीबचाचांनी तर तिरडीच्या बांबूंची चौकशीही सुरू केली. उत्साहात आमची गल्ली कुणाला हार जात नाही.

आत्याने माझं हँडलच धरलं. "कोन गया रे वाल्मीक? सांग ना!"

"कोणी नाही गेलं, आत्या. मी सराव करतोय."

"कसाना?"

"दम वाढवायचा."

एवढा वेळ फुकट रडल्याचा राग गल्लीला आवरेना. मला सायकलसकट ओढत सगळे मिळून आबांवर धावून गेले, पोराला आवरा म्हणून. आबा बंडीवर, हातात चहाची बशी घेऊन ओट्यावर आले. बशी संपवूनच बोलले.

"इतला वरीस मी तुम्हले तारा दिन्यात, आनि इतलं बी समजनं नही? वाईट तार लई जातांना मी कव्हयच जोरमा सायकल चालाडी नही. हळूच गऊ. त्या घरना लोके आजून पाच मिनिट सुखमा ऱ्हातीन, म्हनीसन."

आत्याने हँडल सोडलं. बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेल्याची तार आबांनीच, तिच्या सख्ख्या भावाने आणली होती. मधेच उतरून सायकल हाताने ढकलत.

त्यानंतर गल्लीने माझा सराव ताब्यात घेतला. हबीबचाचा मिनिट संपलं की शिट्टी फुंकायचे. बायका सडा टाकता टाकता फेऱ्या मोजायच्या, तेही चुकीच्या, माझ्या फायद्याच्या कधीच नाही. पोटापेक्षा माझी अब्रूच जास्त झडली. आबा मात्र रोज पहाटे ओट्यावर येऊन बसू लागले. एकदा म्हणाले, "तीस वरीसमा ह्या सायकलले देखीसन कोनी हासनं नही रे. सव्वीसले मी भडगावले येसु. तो दूधवाला देखना शे माले."

तेव्हापासून मला शर्यत खरंच जिंकावीशी वाटू लागली. जिंकणं सोडा, आबांसमोर त्या दूधवाल्याला तरी मागे टाकायचं होतं.

चोवीस जानेवारीच्या पहाटे आबा ओट्यावर आले नाहीत. मी उठवायला गेलो, तर अंग गार पडलं होतं.

माझी बायको नर्मदा म्हणाली, "आधी आत्यांना सांगून या." मी सवयीने सायकल काढली आणि बसलो. पाय पेडलवर जोर द्यायला तयारच होईनात.

"अरे भगाव! मिनिट चालू हुआ!" हबीबचाचांनी शिट्टी फुंकली.

"दम सरना का रे पैलवान?" कुणीतरी ओरडलं. बायका हसल्या. मला कुणाचाही राग आला नाही. या सायकलला हसायला मीच त्यांना शिकवलं होतं, आणि आबांना ते आवडत होतं. मी मान खाली घालून जमेल तेवढ्या हळू निघालो. दोनशे पावलांची गल्ली, ती आणखी लांब असती तर बरं झालं असतं असं वाटत होतं. अर्ध्यावर मी उतरलो आणि सायकल ढकलू लागलो.

आत्या दारात सडा टाकत होती. शिट्टी ऐकून तिने हसत वर बघितलं. मग सायकलकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. हातातला तांब्या खाली ठेवला आणि पदर डोक्यावर घेतला. मी अजून तिच्या दारापर्यंत पोचलोही नव्हतो.

"भाऊ कव्हय गया?" तिने विचारलं.